पऱ्यातला गोटा, सड्यावरचा देव

मास्तरांनी माझी वाट रबराने इतक्या जोरात खोडली की कागदाला भोक पडलं.

शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले होते. चौथीतल्या आम्हा पाच जणांना गावाचा नकाशा काढून आणायला सांगितलं होतं. पाचांत चार मुलगे आणि मुलगी मी एकटी, शाळेत उशिरा घातल्यामुळे वयानेही सगळ्यांत मोठी. मुलग्यांनी देऊळ, खोतांची माडी आणि चार झाडं काढून काम उरकलं. मी मात्र सगळं काढलं होतं. घरं, शेतं, पाणंद, गावाखालचा ओढा, म्हणजे आमचा पऱ्या, त्याच्या पलीकडे उभा चढ, वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, म्हणजे सडा, आणि पऱ्यापासून सड्यावरून पलीकडे देवरूखकडे उतरणारी ठिपक्यांची एक रेघ.

"ही रेघ कसली गं?" दिपोटीसाहेबांनी विचारलं.

"वाट आहे, साहेब. देवरूखला जाते. तीन मैल."

शेजारच्या खुर्चीवर आमचे खोत, भिकाजीपंत बसले होते. गावात कुणीही साहेब आला की त्याच्या शेजारची खुर्ची त्यांची. ते हसले. "पोरीची जात, काहीतरी ऐकून काढलंय. तिथे वाट नाही. कधी नव्हतीच. तिथे माझी आंब्याची कलमं आहेत."

"कलमं आता आहेत," मी म्हटलं, "वाट आधी होती."

हे मी म्हटलं यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. जीभ माझीच होती, पण तिला एवढं धैर्य कुठून आलं कोण जाणे! बहुतेक पहिल्या नंबरामुळे असेल. तो नुकताच जाहीर झाला होता. दिपोटीसाहेब खोकले. मास्तर घामेघूम झाले आणि त्यांनी रबर उचलला. भोक पडलं ते तेव्हा.

जाताना दिपोटीसाहेब म्हणाले, "हिला पुढे शिकवा." पुढे म्हणजे देवरूख. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच.

ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. माझे वडील मुंबईला गिरणीत असतात, म्हणून घरातलं सगळं थोरले बाबा ठरवतात. ते वडिलांचे मोठे भाऊ, महिपत नावाचे. ओटीवर बसून ते दोरी वळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खोताला तोंड देऊन आलीस म्हणं."

"मी खरं तेच बोलले."

"खरं बोलायला तुला कोणी बसवली व्हती तिथं?"

"दिपोटीसाहेबांनी."

मग दोरीला एक जोराचा पीळ देऊन ते म्हणाले, "आयक गोदे. गाडीरस्त्याने देवरूख नऊ मैल. नऊ जायचं, नऊ यायचं. पोर हायस का बैल? सड्यावरनं वाट असती, तर मीच तुला धाडली असती. वाट नाय, तर शाळा नाय. संपलं."

"आणि वाट दाखवली तर?"

थोरले बाबा पहिल्यांदा वर बघून हसले. लहान पोराला चंद्र देतो म्हणताना हसतात तसे. "दाखव. मिरगाच्या आत दाखव. नायतर दसऱ्यानंतर सोयरीक बघतंय. सरकारच्या कायद्यात बसतंस तू आता, चौदावं सरलं."

झालं! मृग नक्षत्र लागायला दीड महिना होता. एका बाजूला पाचवी, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी घर, कुणाची तरी भाकरी. आणि मधे एक वाट, जी कुणालाच माहीत नव्हती.

म्हणजे, माहीत नाही असं सगळे म्हणत होते.

माझ्या आयेला माहीत होती. मुळात ती नकाशात आली तीच आयेच्या बोलण्यातून. आयेचं माहेर सड्याच्या पल्याड. लग्नानंतर ती त्याच वाटेने चालत आली. मी तीन वर्षांची असताना खोतांनी सड्यावर कलमं लावली, त्यांच्याभोवती दगडांचा गडगा घातला आणि वाट बंद केली. तेव्हापासून आये माहेरी गेली ती दोनदाच, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला.

मी विचारलं तेव्हा ती परसात कोकमासाठी रातांबे फोडत होती. हात कोपरापर्यंत लाल.

"आये, वाट कुठनं सुरू व्हायची?"

"मला काय आठवतंय?" तिने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "पऱ्यातनं. जिथं उंबर वाकलाय ना, तिथनं. तिथं वाकून एक गोटा उचलायचा."

"गोटा कशाला?"

"कशाला म्हंजे? सगळीच उचलायची. पऱ्यातला गुळगुळीत गोटा मुठीत धरायचा नि चढायचं. वर सड्यावर देव हाय, त्याला वाहायचा. चढायचा शीण गोट्यात ऱ्हातो नि पाय मोकळे होतात. बसलेल्या बैलायवढी रास व्हती बघ गोट्यांची. तुझ्या आजोबांचा गोटा हाय त्यात, माझ्या आवशीचा, तुझ्या आजीचा हाय. माझे तर कितीतरी." तिने एक रातांबा उगाचच दोनदा फोडला. "कुणाला बोलू नको मी सांगितलं म्हणून."

मी दुसऱ्या दिवशी लाकडं आणायच्या नावाखाली निघाले. कोयती, दोरी, पदरात दोन भाकऱ्या.

वाकलेल्या उंबरापलीकडे नुसतं रान. करवंदीची जाळी, वाळका पाला, गुडघाभर. पहिला दिवस मी फक्त पाला उपसला. दुसरा दिवसही. माझे हात ओरबाडून निघाले, शेंगदाण्याएवढे फोड आले. तिसऱ्या दिवशी कोयतीचं टोक कशावर तरी खट्‌कन वाजलं. पाला सारला तर जांभ्याची पायरी! तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली, पळीसारखी. त्या खळग्यात मी पाऊल ठेवलं आणि ते बरोब्बर बसलं. मी तिथे एकटीच नाचले. खरंच नाचले. माकडं बघत होती, ती बघोत.

अकरा पायऱ्यांची ती पाखाडी संपली, पुढे नुसता चढ. आता? मी बसून भाकरी खाल्ली आणि वर बघितलं, तेव्हा मला आंबे दिसले. रायवळ आंबे, रानात, कुणी न लावलेले. एक इथे, पन्नास पावलांवर दुसरा, त्याच्या वर तिसरा. असे सहा, एकामागे एक, वळत वळत वर गेलेले. रानात उगवलेली झाडं कधी अशी रांगेत उभी राहतात? मी प्रत्येकाखालचा आंबा चाखून पाहिला. एक आंबट ढाण, एक साखर, एक तर चक्क नारळासारखा लागला. सहा झाडं, सहा चवी. म्हणजे सहा वेगवेगळ्या गावच्या कोयी. चढता चढता दम खायला लोक थांबले, आंबे चोखले, कोयी भिरकावल्या आणि गेले. चालणाऱ्यांना काय कल्पना, आपण खुणा पेरतोय!

त्या दिवशी मी लाकडं न घेता, पोटभर आंबे खाऊन घरी आले आणि थोरल्या काकीच्या शिव्याही पोटभर खाल्ल्या.

सड्यावर मात्र मी हरले. वर सगळं काळं. चैत्रातल्या वणव्यात गवत जळून गेलं होतं. नजर पोचेल तिथवर जांभा, ना झाड ना पायरी. उन्हाने डोकं तापलं. मी डोळे मिटून उभी राहिले, आणि मग तशीच, डोळे मिटूनच चालले. माझ्या पायात वहाणा कधी नसतातच. तळपायांना जांभा टोचत होता, टोचत होता, आणि एकदम टोचायचा थांबला. डोळे उघडले. डोळ्यांना काही दिसेना, पण हात लावला तर दगड गुळगुळीत! दीड हात रुंदीची पट्टी. दोन्ही बाजूंचा जांभा खरबरीत, आणि मधला घासून घासून मऊ झालेला. मुंबईच्या बोटीला जाणारे, माहेरी जाणाऱ्या, डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या, सगळ्यांच्या अनवाणी पायांनी तो दगड घोटला होता.

पाय सांगतील तशी मी चालत गेले आणि सरळ जाऊन गडग्यावर आपटले.

डोक्याएवढा उंच गडगा. पलीकडे खोतांची कलमं, हिरवीगार. मी अल्याडचा सगळा सडा पालथा घातला, गडग्यावर चढून पल्याडही पाहिलं. बसलेल्या बैलाएवढी रास सोडाच, लिंबाएवढा गोटासुद्धा नव्हता.

"कोण गो तू?"

कलमांतून खोत आले. पांढरं धोतर, हातात काठी. मला ओळखल्यावर त्यांच्या मिशा हलल्या. "महिपतची पुतणी नव्हं? नकाशेवाली! काय शोधतेस?"

"देव."

"कसला देव?"

"वाटेवरचा. गोट्यांचा."

त्यांची नजर क्षणभर दरीकडे गेली. क्षणभरच, पण मी पाहिलं. मग म्हणाले, "दिसला?"

"नाही."

"मग? देव कुठे पळून जातो का? नव्हताच, तर दिसणार कुठून?" आणि संध्याकाळी त्यांनी देवळाच्या पारावर थोरल्या बाबांना चारचौघांत ऐकवलं, "पोरीला आवर, महिपत. सड्यावर देव होता म्हणते. म्हणावं, एक गोटा दाखव. पऱ्यातला एक गोटा मला सड्यावर दाखव, मी हिला उद्या वाट देतो."

सगळे हसले. थोरले बाबाही हसले. घरी येऊन हे सांगितलंही त्यांनीच, पण सांगताना मात्र ते हसत नव्हते.

त्या रात्री माझ्या मनात पाप आलं, ते लिहूनच टाकते. पऱ्यातून पन्नास गोटे पाटीत भरायचे, सड्यावर ओतायचे, वर दोन फुलं टाकायची. कुणाला कळणार होतं? सकाळी मी खरोखरच पाटी घेऊन निघाले. आयेने ती पाटी पाहिली. नुसती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "पाटी कशाला? गोटा एकच न्यायचा असतो. मुठीत मावेल तेवढाच. देव असूदे नाहीतर नसूदे."

म्हणून मी एकच नेला. काळा, कोंबडीच्या अंड्याएवढा. अकरा पायऱ्या, सहा आंबे, गुळगुळीत पट्टी, गडगा. आणि खरं सांगते, पाय दुखले नाहीत! पण आता हा ठेवायचा कुठे? देवच नाही. मी तो गडग्यावर ठेवला. तो घरंगळला आणि दोन चिऱ्यांमधल्या फटीत जाऊन अडकला. काढायला बोट घातलं तर हाताला दुसराच गोटा लागला. गुळगुळीत.

मी मागे सरकून गडग्याकडे पाहिलं. सगळा गडगा जांभ्याचा, तांबडा, ओबडधोबड. पण जिथे माझी वाट येऊन आपटत होती, तिथे पाच हात लांबीत, दगडादगडांच्या मधे, फटीफटीत गोटेच गोटे. काळे, करडे, पांढऱ्या रेघांचे. शेकड्यांनी. त्या दिवशी मी इथेच उभी होते आणि गडग्याच्या पलीकडे काय आहे तेच बघत बसले होते!

गडगा कुणी घातला होता ते गावात सगळ्यांना माहीत होतं. धाकूतात्या. म्हातारा आता घरासमोर बसून कुडाच्या काठ्या तासतो. मी धापा टाकत गेले.

"तात्यानू, गोटे गडग्यात का घातलेत?"

त्याच्या हातातली काठी पडली. "खोत बोल्ला, दरीत लोट," तो म्हणाला. "माझी छाती नाय झाली गो. माझ्या बापाशीचे गोटे त्यात. देवाला दरीत लोटू? पर खोताला नाय कसं बोलू? मंग जिथं देव व्हता तिथंच, गडग्यात... एकेक. खोताला गडगा मिळाला, देवाला जागा मिळाली." मग एकदम घाबरून म्हणाला, "मी बोल्लो असं सांगू नको हां."

"तुम्ही कशाला बोलायला हवं? तुमचा गडगा बोलेल."

वैशाख अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी वाट दाखवली. थोरले बाबा आले, आये आली, शेजारच्या चार बायका आल्या, सात-आठ बाप्ये आले. आणि खोतही आले, कारण नाही आलं तर घाबरले असं लोक म्हणाले असते. "चल, नकाशेवाली," ते म्हणाले, "ने आम्हाला देवरूखला!" पुन्हा सगळे हसले.

वाकलेल्या उंबराखाली आम्ही पऱ्या ओलांडला. मी सगळ्यांत पुढे होते. पलीकडे जाऊन मागे वळून पाहिलं, आणि पाहतच राहिले. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण पाण्यातून येताना एकेक जण वाकत होता. कुणी पाय धुतल्यासारखं करून, कुणी चूळ भरल्यासारखं. थोरले बाबा वाकले. आये वाकली. हसणारेही वाकले. वाकून उठताना प्रत्येकाची एक मूठ बंद. सगळ्यात मागून खोत येत होते. काठी उजव्या हातात होती. ती त्यांनी डाव्या हातात घेतली.

मी तोंड फिरवलं आणि चढायला लागले. हसू दाबताना जीव गेला माझा.

पायऱ्या दाखवल्या. "गुराखी पोरांनी केल्या असतील," खोत म्हणाले. आंबे दाखवले. "वानरांनी कोयी टाकल्या." सड्यावरची पट्टी दाखवली. "पावसाचं पाणी वाहून झालीय." त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. लोक मात्र पट्टीवर पाय घासून बघत होते. गडग्यापाशी मी थांबले आणि बोट दाखवलं. बायकांतून एक हुंकार आला. आयेने पुढे होऊन गडग्यावर हात फिरवला आणि तिथेच उभी राहिली.

"गडग्यात भर लागते," खोत म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "गड्याने पऱ्यातून आणून भर घातली. त्यात देव कुठला? महिपत, तू जाणता माणूस. तू सांग ह्या पोरीला. इथे वाट होती?"

थोरले बाबा खोतांची जमीन कसतात. आम्ही सगळेच कसतो. ते जमिनीकडे बघत उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं. आता 'नव्हती' म्हणतील, आणि दसऱ्यानंतर माझी सोयरीक.

"थोरल्या बाबांना कशाला विचारता?" मी म्हटलं. "खोतानू, तुमच्या मुठीत काय आहे?"

खोतांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगते, तो हात बंद आहे हे त्यांना तेव्हा कळलं. अख्खा चढ चढून आले होते ते, मूठ न उघडता. लहानपणी कुणाचं तरी बोट धरून चढले असतील तसेच.

"उघडा की," मी म्हटलं.

कुणी दुसरं म्हणालं असतं तर त्यांनी काठी उगारली असती. पण आता सगळ्यांच्याच मुठी पुढे आल्या होत्या. थोरल्या बाबांनी आपली आधी उघडली. तळहातावर करडा गोटा, घामाने ओला. तो त्यांनी गडग्यावर ठेवला, हात जोडले आणि खोतांकडे सरळ बघून म्हणाले, "व्हती. माझी आवस मला ह्याच वाटेनं घेऊन यायची. तुमची पण."

मग आयेने ठेवला. मग बायकांनी, मग बाप्यांनी. गडग्यावर ओळ लागली. खोत तसेच उभे. गोटा फेकून देणं किती सोपं होतं! हात नुसता उलटा करायचा. पण देवापाशी आणलेला गोटा खाली कोण टाकणार? शेवटी ते पुढे आले आणि कुणाकडेही न बघता त्यांनी तो ओळीच्या टोकाला ठेवला. त्यांचा पांढऱ्या रेघेचा होता. मग आले तसे, काठी टेकत, उतरून गेले.

'वाट देतो' हे त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. गडगाही पाडला नाही. त्यांना एवढंच जमलं, तेवढं त्यांचं असूदे. पण चार दिवसांनी मी वर गेले तर गडग्यात दोन्ही बाजूंनी चारचार चिरे बाहेर काढून बसवलेले, पाय ठेवून चढता येईल असे, आणि कलमांच्या पल्याडच्या गडग्यातही तसेच. धाकूतात्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय ठाऊक? गडगा पडत असंल, कुणी आधार दिला असंल." आणि काठी तासायला लागला.

मृगाच्या आत आये माहेरी जाऊन आली. मयत नसताना. येताना तिथल्या तीन बायकांना घेऊन आली, आणि तिघींच्याही मुठीत त्यांच्याकडच्या ओढ्यातले गोटे.

पाचवीत मी आता तीन महिने झाले जातेय. नवीन मास्तरांनी परवा गावाचा नकाशा काढायला सांगितला. मी जुनाच नेला, भोकाचा. "हे काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "वाट आहे, मास्तर. मी आज त्याच वाटेने आलेय. पाय बघा हवे तर."

गडग्यावरची रास आता पाटीएवढी झाली आहे. खोतांनी एकदा दोन गड्यांना ती काढायला सांगितली होती म्हणे. गडी वर गेले, एकेक गोटा ठेवून परत आले. मी रोज सकाळी त्या चिऱ्यांवरून चढते, वर उभी राहून खाली खोतांच्या माडीकडे एकदा नीट बघून घेते, आणि मग दप्तर सांभाळत पलीकडे उडी मारते.